भैरोबा डोंगर उतरला

आमच्या घरात दुपारचं जेवण सुरुंगाच्या आधी व्हावं की सुरुंगानंतर, यावरून आई आणि आबा जितके भांडले तितके ते जमिनीवरून किंवा आम्हा पोरींच्या लग्नांवरूनही कधी भांडले नाहीत. आधी जेवावं तर आबांची ड्यूटी आडवी यायची आणि नंतर जेवावं तर घासागणिक दाताखाली कचकच. आईचं म्हणणं, भाकरी तव्यावरून उतरली की खायची असते, आबांची वाट बघत अटेन्शनमध्ये उभी राहायला ती काय त्यांच्या पलटणीतली नव्हे. आबांचं म्हणणं, बारा म्हणजे बारा. शेवटी तडजोड निघाली ती अशी की आम्ही सगळ्यांनी आधी जेवायचं आणि आबांची भाकरी त्यांच्या मिलिटरीच्या काळ्या ट्रंकेत झाकून ठेवायची, कारण अख्ख्या घरात धूळ शिरत नाही अशी तेवढी एकच वस्तू होती. ट्रंकेत लोकरीचे कपडे आणि डांबराच्या गोळ्या. भाकरीला वास यायचा. आबा मुकाट्यानं खायचे, आणि आई विचारायची, "कशी झालीया भाकरी? कसर तर लागली न्हाई नव्हं?"

तर ह्या सुरुंगाचं असं होतं. आमचं गाव शिरवळपासून बैलगाडीच्या वाटेवर, नीरा नदीच्या अलीकडं. गावाच्या पाठीशी डोंगर, डोंगराच्या माथ्यावर भैरोबाचं ठाणं, म्हणजे चार दगडांच्या आडोशाला शेंदूर लावलेली एक शिळा. भैरोबाच्या पायाखालून एक झरा निघायचा, थोडा वर दिसायचा आणि मग डोंगराच्या पोटात गडप व्हायचा. तो पुन्हा दिसायचा तो आमच्या परड्यातल्या विहिरीत. डोंगराची खालची कड पुण्याच्या एका कंत्राटदारानं खाणीसाठी घेतली. पुणं तेव्हा वाढायला लागलं होतं, तिकडच्या इमारतींना खडी पाहिजे होती आणि हमरस्ता आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. त्या कंत्राटदाराचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण गावानं पहिल्या आठवड्यातच त्याला खडीशेठ करून टाकलं आणि पुढं त्याची बायकोसुद्धा शेवया मागायला आली तेव्हा "मी खडीशेठांच्या घरातली" असंच म्हणाली.

आबा हवालदार म्हणून पेन्शनीत आले होते. खडीशेठला वाटलं, मिलिटरीतला माणूस म्हणजे दारूगोळ्यातला जाणता. खरं सांगायचं तर आबा स्टोअरला होते. उभी नोकरी त्यांनी घोंगड्या मोजण्यात घालवली आणि बंदुकीचा आवाज ऐकला तोही लांबून. पण हे खडीशेठला कोण सांगणार? दगडाला भोकं पाडून दारू ठासायचं काम वडार मिस्त्री करायचे, आबांकडं शिट्टी आणि लाल निशाण. बाराला थोडा वेळ असताना ते खाकी कोट घालून टेकाडावर उभे राहायचे, शिट्टी फुंकायचे आणि ओरडायचे, "सुरुंग हाय रं, आडोशाला व्हा." मग सगळं गाव आडोशाला. बायका दुधावर झाकण टाकायच्या, पापडाची खाट आत ओढायच्या, कोंबड्या तर शिट्टी ऐकून आपण होऊनच डालग्याखाली शिरायला शिकल्या होत्या. मग धरणी हादरायची, भांडी फळीवर वाजायची, आणि जरा वेळानं पांढरी धूळ सावकाश, घाई नसलेल्या पाहुण्यासारखी घराघरात यायची.

धुळीनं काय काय केलं ते सांगत बसले तर हे प्रकरण तिथंच संपेल. ज्वारीची पानं पीठ चाळल्यासारखी दिसायची. म्हशी पांढऱ्या, चिंच पांढरी, आणि त्या चिंचेला दोन वर्षं फूल धरलं नाही. पावसाळ्यात खाणीतला टाकाऊ मुरूम ओढ्यानं वाहून येऊन शेजारच्यांच्या भाताच्या खाचरात बसला, तिथं मग तणसुद्धा उगवेना. आमच्या माजघराच्या भिंतीला उभी चीर गेली. आबा म्हणाले, हवेनं गेली. आईनं त्या चिरेत आपली फणी खोचायला सुरुवात केली आणि रोज सकाळी फणी काढताना म्हणायची, "तुमच्या शेठनं फडताळ लय बेस करून दिलं बगा." आणि साप. वरची वारुळं सुरुंगानं फुटली, मग साप खाली गावात आले. कुणाच्या सरपणात, कुणाच्या उतरंडीत. आजकाल पुण्यात आमच्या सोसायटीत साधी पाल निघाली तरी वॉचमनला बोलावतात, मला हसू येतं. आमच्याकडं न्हाणीघरात जायच्या आधी दाराची कडी वाजवायची पद्धत पडली होती, आत साप असेल तर त्याला उठायला वेळ मिळावा म्हणून.

हे सगळं आईनं सोसलं, म्हणजे आबांना टोमणे मारत सोसलं. विहिरीचं मात्र तिला सोसेना. आई शिराळ्याची. तिच्या माहेरी त्या काळी बायकांना पाण्यासाठी लांब जावं लागायचं, आणि तिची आई म्हणे घागरी वाहून वाहून मानेत वाकडी झाली होती. आबांचं स्थळ आलं तेव्हा माझ्या आजोबांनी जमीन विचारली नाही, नोकरी विचारली नाही, थेट परड्यात येऊन विहिरीत वाकून पाहिलं. भर उन्हाळ्यात हात घातला की पाणी, असं वर आलेलं. त्यांनी तिथंच सुपारी फोडली. आईला ह्या गोष्टीचा केवढा अभिमान. गल्लीतल्या साऱ्या बाया आमच्या रहाटावर पाणी भरायच्या आणि आई पायरीवर बसून कुणाची सून कशी, कुणाची सासू कशी याचा निवाडा करायची. तिचं राज्यच होतं ते. त्या विहिरीचं पाणी एक दिवस दुधाळ आलं. मग वरचेवर येऊ लागलं. गाळून घेतलं तरी तांब्याच्या तळाशी साका बसायचा.

"झऱ्याला धक्का पोचतोय," आई म्हणाली.

"पाणी खालनं येतंय, झिरपून. डोंगराचा काय संबंध?" आबा म्हणाले. "आमच्या पलटणीत इंजिनेरसाहेब सांगायचे."

"त्यास्नी म्हनावं या हितं, आन् प्या हे."

ती खडीशेठकडंही गेली होती. खडीशेठ माणूस गोड. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाला, "ताई, पाण्याचं काय, आज येतं उद्या जातं. मी काही देवाच्या जागेला हात लावत नाही ना?" झालं. आईनं चहा संपवला आणि तोच शब्द पदरात बांधून घरी आली. हा माणूस पाण्याला भीत नाही, देवाला भितो.

श्रावण लागला. नागपंचमीला आमच्याकडं काही कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा टाकायचा नाही, जमीन उकरायची नाही. पण आमच्या गावात ते बायकांपुरतं आणि चुलीपुरतं. शिराळ्याची गोष्टच वेगळी. तिथं नाग म्हणजे घरचा पाहुणा, आणि नागाच्या बाबतीत शिराळ्याच्या माणसाचा शब्द आमच्याकडं कायद्याच्या वर. आई पंचमीच्या आदल्या दिवशी पुरणाच्या दिंडांचं ताट घेऊन खाणीवर गेली. गरम वाफवलेली दिंडं, वर तुपाची धार. खडीशेठ खात असताना ती म्हणाली, "उद्या जिमिनीला पहार लागली तर नाग इसरत न्हाई, शेठ. आमच्या शिराळ्यात एकानं नांगर धरला हुता. नाव घेत न्हाई त्याचं." त्याच सकाळी खडीशेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये फायलींच्या कपाटामागं एक लांबलचक साप निघालेला. खडीशेठचा घास हातातच राहिला. पंचमीला खाण बंद.

मग आईला चव लागली. श्रावणातले सोमवार शंकराचे, म्हणून बंद. रविवार भैरोबाचा, तो बंद. शुक्रवारी जिवती. पोळ्याला बैल राबत नाहीत, मग डोंगर कसा राबवायचा? तो तर गावाचा नंदी. हे शेवटचं तिनं तिथल्या तिथं काढलं, मी शेजारी उभी होते. खडीशेठ दर वेळी मान डोलवायचा आणि दर वेळी त्याची मान आधीपेक्षा हळू डोलायची. आबांची पंचाईत अशी की बायको खरं सांगते का खोटं हे त्यांना ठाऊक, पण नोकरी खडीशेठची आणि जेवण आईच्या हातचं. ते म्हणायचे, "अगं, ह्यो जिवतीला बंद कवापास्नं?" आई म्हणायची, "तुमी पलटणीत हुतासा, तवापास्नं." त्या श्रावणात खडी फोडायचं क्रशर गप्प आणि पाऊस चांगला. विहिरीचं पाणी निवळलं. आई पुन्हा पायरीवर निवाडे करायला बसली. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली.

पण खडीशेठही पुण्याहून काही उगाच आला नव्हता. देवाच्या मार्गानं आलेल्या बाईला त्यानं देवाच्याच मार्गानं गाठलं. दसऱ्याच्या सुमाराला त्यानं पारावर गाव जमवलं आणि हात जोडून म्हणाला, "भैरोबा असा उघड्यावर, ऊनपावसात. म्हाताऱ्या माणसांना चढवत नाही. मी गावात देऊळ बांधून देतो. सिमेंटचं. आतून फरशी. देवाला खाली आणू." गाव गहिवरलं. खरंच गहिवरलं, मी थट्टा करत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं डोंगर चढला नव्हता ते गुडघे धरून सांगायला लागले की देवाचं दर्शन घडत नाही म्हणून जीव कसा तळमळतो. देव खाली आला की वरचा माथा मोकळा, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल तर ते बोलले नाहीत. आमची आई घरी येऊन एवढंच म्हणाली, "चांगला दगड हाय तो वर. काळा, एकसंध. देवाखालचाच पायजे शेठला."

मात्र देवाला विचारल्याशिवाय हलवायचं नाही, हे गावालाही मान्य होतं. कौल लावायचं ठरलं. भैरोबाच्या शिळेला दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवं फूल आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावं पडलं तर नाही. देवाला एकदा विचारलं की पुन्हा विचारायचं नाही. आई सकाळी आबांना म्हणाली, "आजच्या दिवस तेवढा सुरुंग नको." आबा कोटाची बटणं लावत होते. म्हणाले, "कौल धा वाजेपतूर हुतोय. सुरुंग बाराला. सुरुंगाचा टायम बदलला तर रस्त्यावरल्या मानसांचा घोळ हुईल. न्हाई जमायचं." आणि आपल्या जागी मुकादमाच्या हातात शिट्टी देऊन ते आमच्याबरोबर डोंगर चढले.

दहा वाजले, अकरा वाजले, देव बोलेना. गाऱ्हाणं घालून घालून धोंडू गुरवाचा घसा बसला. "देवा म्हाराजा, तुझी लेकरं दारात आल्याती, खाली यायचं तर उजवं दे, न्हाई तर डावं दे, पर मोकळं कर." झेंडूची फुलं शिळेला अशी चिकटलेली की जणू खिळे मारलेत. पुरुष एका बाजूला, आम्ही बायका एका बाजूला, ऊन डोक्यावर, आणि खालून खडीशेठच्या खर्चाच्या मटणाचा वास वर येऊ लागला. आई तोंडात पदर धरून उभी होती. मला कळत होतं की ती मनात डाव्या फुलाला हाका मारते आहे. तेवढ्यात खालून शिट्टी ऐकू आली. आबांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पुढं काय होणार हे त्या माणसांत त्यांना आणि आईलाच कळलं. धोंडू गुरव डोळे मिटून म्हणतच होता, "उजवं दे, न्हाई तर..." आणि डोंगर हादरला. शिळा थरथरली. उजवं फूल पडलं. त्याच्यामागून लगेच डावंही पडलं, पण ते कोण बघतो? "झाला कौल," म्हणून माणसांनी गुलाल उधळला.

"थांबा," आबा म्हणाले. ते पुढं झाले, आणि साहेबापुढं उभं राहावं तसे ताठ उभे राहून बोलले. "ते फूल सुरुंगानं पडलंय. ह्यो कौल नव्हं. पुन्यांदा लावा."

धोंडू गुरव म्हणाला, "हवालदार, देवाला दोनदा इचारत न्हाईत. सुरुंग कुनाच्या मर्जीनं उडाला? देवाच्याच."

"माज्या टायमानं उडाला," आबा म्हणाले, पण तोवर ढोल सुरू झाला होता.

मग आई पुढं आली. बायकांनी तिथं बोलायची रीत नव्हती. ती म्हणाली, "देवाला हादरा बसला, तर तो व्हय म्हनला असं हुतंय व्हय?" सरपंच शांतपणे म्हणाले, "वहिनी, श्रावणभर देवाचं नाव घिऊन तुमीच खाण बंद पाडलीसा. आमी एका शब्दानं इचारलं का, खरं का खोटं? आन् आता देव बोलला, तर तुमीच न्हाई म्हनताय?" आई मागं वळली आणि आम्हा बायकांत येऊन उभी राहिली. एवढा राग आला मला त्या सगळ्यांचा, गुलालाचा, मटणाच्या वासाचा, आणि कुणाला सांगू नये पण थोडा भैरोबाचासुद्धा. जरा घट्ट धरून ठेवायला काय झालं होतं त्याला?

देऊळ झालं. आतून पांढरी चकचकीत फरशी, आज आमच्या इथल्या न्हाणीघराला आहे तशीच. होळीनंतर वाजतगाजत भैरोबा पालखीतून डोंगर उतरला आणि गाव पोटभर जेवलं. आम्हीही जेवलो. आई जेवली नाही, तिनं उपास सांगितला. तो खरा होता का काढलेला, हे विचारायची आबांची छाती झाली नाही. दुसऱ्या आठवड्यात माथ्यावर लाल निशाण लागलं. ते लावायला आबा गेले नाहीत. त्यांनी खाकी कोट ट्रंकेत ठेवला आणि घरी बसले, आणि निशाण धरायला खडीशेठला दुसरा माणूस सकाळच्या सकाळी मिळाला.

माथा फुटत गेला तसा झरा कुठं गेला कुणाला कळलं नाही. वैशाखात आमच्या विहिरीचा तळ दिसला. मी त्याआधी तो कधी पाहिला नव्हता, आईनंही नाही. खाली एक जुना पोहरा, तुटका कंदील, कुणाचीतरी पितळी वाटी आणि पांढरा चिखल. आबा दोर धरून आत उतरले, झऱ्याचं तोंड होतं तिथं पहारीनं खणत राहिले, पार दिवस कलला तरी. वर आले तेव्हा कोपरापर्यंत तो पांढरा लगदा. ते म्हणाले, "डोंगरातनंच येत हुतं पाणी." आई रहाटाचा दोर गुंडाळत होती. तिनं काही म्हटलं नाही.

आणि तेच वाईट होतं. आई गप्प झाली. भांडली नाही, रडली नाही, टोमणा मारला नाही. भाकरी ताटात वाढायची आणि तोंड फिरवून चुलीकडं बघायची. आमच्या घरात सकाळ उगवायची तीच तिच्या टोमण्यानं, आणि आता घरात नुसता खाणीचा आवाज. लांब नीरेवरून पाणी आणायचं, म्हणजे दोन घागरी डोक्यावर आणि परतीचा सगळा चढ. पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा आबांनी दारात तिच्या हातातली घागर धरली. तिनं सोडली नाही. दुसऱ्या दिवशी ती उठली तर घागरी जागेवर नव्हत्या.

आमच्याकडं पुरुष कावडीनं पाणी आणत, देवाला नाहीतर लग्नघरी. बायकोसाठी डोक्यावर घागर घेऊन, चुंबळ बांधून, गडीमाणूस नदीवरून येतोय हे गावानं पाहिलं नव्हतं. पार ओलांडताना आबांना काय काय ऐकावं लागलं असेल ते मी लिहीत नाही. ते रोज जायचे. त्यांना ते मुळीच जमायचं नाही. मान ताठ ठेवली तर पाय चुकायचे, पाय सांभाळले तर घागर डुलायची. घरी येईतो निम्मं पाणी अंगावर. आई ते हंड्यात ओतून घ्यायची, गप्पच.

असं उरला उन्हाळाभर चाललं. एके सकाळी आबा परड्यातून आले, धोतर चिंब, डोक्यावरची घागर डुचमळतेय, गल्लीतल्या दोनचार बाया कुतूहलानं मागोमाग. आई पुढं झाली, टाचा उंचावून तिनं घागरीत डोकावलं, मग आबांच्या धोतराकडं पाहिलं, आणि म्हणाली, "नदी सगळी धोतरात आनलीसा, आन् घागर कशाला हिंडवून आनली?"

बाया फिस्कन हसल्या. आबाही हसले. हसता हसता त्यांचा आवाज फाटला आणि ते तसेच, डोक्यावर घागर धरून, लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. आमचे आबा, हवालदार, भर उजेडात, बायांच्या देखत. आईनं घागर उतरवून घेतली. बायांना म्हणाली, "जावा आपापल्या घरी." मग तिनं ते पाणी हंड्यात ओतलं नाही. तिथंच पायरीवर बसून तांब्या बुडवला आणि पहिला तांब्या आबांच्या हातात दिला.